हद्दपारीच्या नोटिशीचं मराठी

दलित आत्मकथनातल्या चौकीवर, हजेरीवर, रात्रीच्या धाडीवर प्रस्थापित समीक्षकांनी भरपूर शाई खर्च केली. दाहक, विदारक, अंगावर येणारं वगैरे वगैरे. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ साली आलं, पुढल्या वर्षी साहित्य अकादमी मिळाली. हळहळ झाली. पण ज्या कागदाच्या जोरावर पोलीस दारात येतो, तो कागद कुणी वाचला? तोही लेखनच आहे. त्याला निवेदक आहे, पात्रं आहेत, शैली आहे. म्हणून आज कादंबरी बाजूला ठेवतो आणि हद्दपारीच्या नोटिशीची समीक्षा करतो.

पालघर-बोईसरकडं हद्दपार कुणी म्हणत नाही. तडीपार. पोरं एकमेकांना शिवी म्हणूनही देतात आणि बिरुद म्हणूनही मिरवतात. सरकारी शब्दात हद्द आहे. आमची वस्ती आधीच गावकुसाबाहेर. तिथल्या माणसाला आणखी कुठल्या हद्दीपार काढणार, हा प्रश्न शब्द बनवणाऱ्याला पडला नसावा.

नोटीस निघते १९५१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ५९ खाली. हुकूम ५५, ५६ किंवा ५७ खाली, मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. आयुक्तालय नसेल तिथं हुकूम काढणार जिल्हा दंडाधिकारी, नाहीतर प्रांत. म्हणजे जो माणूस सकाळी जमिनीची प्रकरणं बघतो, तोच दुपारी कुणाला घरात राहू द्यायचं ते ठरवतो. अपील तीस दिवसांत, तेही सरकारकडंच. न्यायाधीश या गोष्टीत पात्र म्हणून येतच नाही.

निवेदन सगळं कर्मणी. असे दिसून आले आहे. अशी खात्री झाली आहे. कुणाला दिसलं? कर्ता गायब. पात्रं दोन: साक्षीदार ‘अ’ आणि साक्षीदार ‘ब’. काळ: एके दिवशी सायंकाळी. स्थळ: बाजारात. एखाद्या नवोदितानं अशी कथा धाडली असती तर संपादकानं ‘तपशील नाही’ म्हणून साभार परत केली असती. कायद्याला मात्र ती चालते. कलम ५९ सांगतं की आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप कळवलं की पुरे, आणि पंढरीनाथ रांगणेकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही ते मान्य केलं. कारण असं की तारीख-वार दिला तर साक्षीदार ओळखू येतो.

कारण खोटं नाही. एमआयडीसीच्या मागच्या चाळीत एकटी राहणारी बाई दादाविरुद्ध कोर्टात उभी राहत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. खंडणी उकळणारा, हातभट्टी चालवणारा, बायकांची वाट अडवणारा आपल्या जातीचा निघाला म्हणून तो क्रांतिकारक होत नाही. त्याला आवरलंच पाहिजे. माझं भांडण आवरण्याशी नाही, ‘एके दिवशी’शी आहे. त्या दिवशी तुम्ही कुठं होता, याचं उत्तर जगात कोण देऊ शकेल?

दुसरा कागद चॅप्टरचा. पूर्वी फौजदारी संहितेचं कलम ११०, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १२९. त्यात माणूस सराईत असतो, किंवा जामिनाशिवाय मोकळा राहिला तर समाजाला धोका, इतका बेदरकार नि भयंकर. आणि हे शाबीत कशानं होतं? सर्वसाधारण लौकिकानंही चालतं! इथं मी पेन्सिलीनं रेघ मारली. लौकिक म्हणजे गावानं सांगायचं. पारध्याचा, कातकऱ्याचा, मांगाचा लौकिक गावात कुणाच्या तोंडी असतो? अण्णा भाऊंच्या ‘फकिरा’त हजेरीचा जाच आहे तो याच लौकिकाचा. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो गेला, १९५९ ला मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. जात खोडली, सवय लिहिली. तुरुंगांच्या नियमपुस्तकांत मात्र जातही तशीच राहिली होती. सुकन्या शांता या पत्रकार बाई कोर्टात गेल्या तेव्हा कुठं ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती पानं रद्द केली.

आणि हे हत्यार फक्त दादांवर चालतं असं कोण म्हणतो? १९४५ साली वारल्यांनी वेठबिगार नाकारली, १० ऑक्टोबरला तलवाड्यात गोळीबार झाला, आणि गोदावरी परुळेकरांना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केलं. आजचा पालघर जिल्हा तेव्हा त्या ठाण्यातच होता. बाईंनी पुढं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिलं. शिकलेल्याची हद्दपारी पुस्तकात तरी येते. बोईसरच्या हमालाची येत नाही.

तो कुठं जातो, ते नोटीस विचारत नाही. लगतचे जिल्हेही हुकुमात घातले की ठाणं गेलं, नाशिक गेलं. मग वाणगाव, डहाणू, घोलवड, पुढं उंबरगाव, वापी. तिथंही कारखाने, तिथंही चाळी. उंबरगाव १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. आता गुजरात, म्हणून हुकूम तिथं संपतो. माणूस भयंकर असेल तर वापीच्या बायकांनी काय पाप केलं? आणि नसेल तर याच्या बायकोनं काय केलं?

इंग्लंडात २००३ च्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखाली असे मनाईहुकूम न्यायालय काढतं. माणूस राहतो आपल्याच वस्तीत, पण अटींवर, आणि वकील घेऊन भांडू शकतो. आमच्याकडं निदान २८ जानेवारी २०२२ ला जालन्याच्या दीपक डोंगरे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हद्दपारी हा अपवादात्मक उपाय आहे, त्यात माणसाचं घर तुटतं, रोजी जाऊ शकते, आणि पुरी दोन वर्षं द्यायची तर कारण लिहा. कारण लिहिलं नव्हतं. हुकूम रद्द झाला. म्हणजे कोर्टानं केली ती समीक्षाच: लेखकाला विचारलं, हे वाक्य इथं का?

नोटिशीत आकड्यांची एक यादी असते, गुन्हा रजिस्टर नंबर अमुक, कलम तमुक. पुढच्या रकान्यात बहुतेकदा एकच शब्द: न्यायप्रविष्ट. म्हणजे खटला अजून चालू आहे, निकाल नाही. हुकूम झाल्यावर त्याच खटल्याच्या तारखेला पालघरला यायचं, तर त्याला आधी परवानगी काढावी लागते.