हेडलाइट, बेस आणि एक फॅरड: एका लोकप्रिय उपायाची तपासणी

गाडीत बाहेरून सबवूफर आणि ॲम्प्लिफायर बसवला की अनेकांना पहिल्याच रात्री एक गोष्ट जाणवते. बेसचा ठोका पडला की हेडलाइट क्षणभर मंद होतात. यावर ॲक्सेसरीच्या दुकानात हमखास मिळणारा सल्ला असा: "एक फॅरडचा कपॅसिटर टाका, प्रॉब्लेम जाईल." लोक टाकतात, आणि त्यातले काही जण खरंच सांगतात की फरक पडला.

एखादा शोधनिबंध तपासावा तसा हा सल्ला आपण तपासू. तुम्हाला गाड्यांमध्ये रस नसला तरी चालेल. संशोधनाला लागल्यावर जे चार प्रश्न सारखे विचारावे लागतात, ते सगळे इथे बारावीच्या भौतिकशास्त्रात विचारता येतात.

आधी दावा त्याच्या सगळ्यात भक्कम रूपात मांडू. ठोका पडताच ॲम्प्लिफायर एकदम जास्त करंट मागतो. अल्टरनेटरच्या रोटरमधला प्रवाह वाढायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे तो लगेच पुरा पडत नाही. मधल्या क्षणाची तूट कपॅसिटर भरून काढतो. ऐकायला पटतं, आणि यातली यंत्रणा खोटी नाहीये. प्रश्न किती हा आहे.

मग आकडे घालून बघा. इंजिन चालू असताना सिस्टीमचं व्होल्टेज 14 च्या आसपास असतं. ते 13 वर येईपर्यंत एक फॅरडचा कपॅसिटर किती ऊर्जा देईल? अर्धा गुणिले धारिता गुणिले (14 चा वर्ग वजा 13 चा वर्ग), म्हणजे साधारण 13.5 ज्यूल. आता 500 वॉटचा ॲम्प्लिफायर घ्या आणि त्याची कार्यक्षमता 80 टक्के धरा. पूर्ण आवाजात तो 625 वॉट ओढेल. 13.5 ला 625 ने भागलं की येतात 22 मिलिसेकंद. 50 हर्ट्झच्या बेसचं एक आवर्तनच 20 मिलिसेकंदांचं असतं! ठोका पाव सेकंद टिकला तर लागतात 156 ज्यूल. अर्धा भार अल्टरनेटरने उचलला असं उदारपणे धरलं, तरी एका व्होल्टच्या घसरणीत हा ठोका पेलायला सहाएक फॅरड लागतील. शिवाय कपॅसिटर ऊर्जा तयार करत नाही. रिकामा झाला की त्याला भरायचं काम पुन्हा अल्टरनेटरकडेच येतं.

मग ज्यांना फरक दिसला ते खोटं बोलतात का? तसं मुळीच नाही. पण त्यांच्या गाडीत नेमकं काय काय बदललं ते बघा. कपॅसिटर बसवताना कारागीर ॲम्प्लिफायरची वायर सोडवतो, टोकं नव्याने आवळतो, बॅटरीचे टर्मिनल घासतो, आणि अर्थचा स्क्रू बॉडीवरचा रंग खरवडून पुन्हा बसवतो. एका दुपारी चार गोष्टी बदलल्या आणि श्रेय मिळालं चकचकीत डब्याला. कपॅसिटर काढून, बाकी सगळं तसंच ठेवून पुन्हा कोणी बघत नाही. ही तुलना केल्याशिवाय "कपॅसिटरमुळे" हा शब्द वापरायचा हक्क मिळत नाही.

दुसरी अडचण मोजमापाची. "लाइट मंद होतात का" हा निकष डोळ्यांना सोपा आहे, पण कच्चा आहे. हॅलोजन दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घातानुसार बदलतो. 14.2 चे 12.6 व्होल्ट झाले तर प्रकाश तिसऱ्या हिश्शाने घटतो. एलईडी हेडलाइटमध्ये मात्र ड्रायव्हर करंट स्थिर ठेवतो, त्यामुळे तीच घसरण बहुधा दिसतच नाही. म्हणजे गाडी तीच आणि ताण तोच, पण निष्कर्ष उलटा. साध्या मल्टिमीटरचंही तेच. तो सेकंदाला दोन-तीन वेळाच आकडा बदलतो, त्यामुळे क्षणिक घसरण त्याच्या हातून निसटते. गाणं लावून मीटर बघण्यापेक्षा 50 हर्ट्झचा सलग सूर पाच सेकंद वाजवा. मीटरला वाचायला वेळ मिळतो.

आता पर्यायी स्पष्टीकरणं. ताण तीन ठिकाणी असू शकतो आणि तीन मोजमापांत ते वेगळं काढता येतं. गाडी मोकळ्या जागेत उभी करा, इंजिन आयडलवर ठेवा, सूर आणि आवाज प्रत्येक वेळी तोच असू द्या.

पहिलं मोजमाप बॅटरीच्या दोन टर्मिनलवर. इथेच व्होल्टेज 12.6 च्या खाली जात असेल, तर अल्टरनेटर अपुरा पडतोय आणि बॅटरी रिकामी होतेय. 625 वॉट म्हणजे जवळपास 46 अँपिअर. आयडलवर अल्टरनेटर त्याच्या छापील क्षमतेपेक्षा बराच कमी देतो, आणि त्यातून दिवे, पंखा, एसीही चालवायचे असतात.

दुसरं, बॅटरीचं ऋण टर्मिनल आणि बॉडीचा उघडा पत्रा यांच्यामध्ये. इथे जवळपास शून्य यायला हवं. सूर वाजताना 0.3 व्होल्ट दिसले तर अर्थची पट्टी खराब आहे. हेडलाइटचा परतीचा करंटही तिथूनच जातो, म्हणून तेही मंद होतात.

तिसरं, ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलवर. बॅटरीवर ठीक आणि इथे कमी, म्हणजे दोष वायरचा किंवा ॲम्प्लिफायरच्या अर्थचा. 8 चौरस मिलिमीटरच्या पाच मीटर तांब्याच्या वायरमध्ये 46 अँपिअरला अर्धा व्होल्ट पडतो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची वायर असेल, तर जवळजवळ पाऊण.

प्रत्येक निकालाचा उपाय वेगळा. अर्थ खराब असेल तर पट्टी बदलणे, वायर बारीक असेल तर जाड तांब्याची वायर आणि बॅटरीजवळच फ्यूज, अल्टरनेटर कमी पडत असेल तर मोठा अल्टरनेटर किंवा सरळ लहान ॲम्प्लिफायर. जादा बॅटरी इंजिन बंद असताना गाणी ऐकायला कामाची. चालू असताना तीही अल्टरनेटरच्या जिवावरच भरते.

इथे उलट टोकाला जायचा मोह होतो: "कपॅसिटर म्हणजे निव्वळ फसवणूक." हा दावाही तितकाच ढिला आहे. लांब वायरच्या शेवटी, ॲम्प्लिफायरजवळ बसवलेला कपॅसिटर काही मिलिसेकंदांचे चढउतार खरंच सपाट करतो. आणि संगीताची सरासरी शक्ती छापील आकड्यापेक्षा बरीच कमी असते, म्हणून माझा 625 वॉटचा हिशेब सगळ्यात वाईट वेळेचा आहे. मर्यादेवरच चालणाऱ्या एखाद्या गाडीत तेवढ्या मदतीने भागेलही. पण भागतंय की नाही हे वरच्या तीन आकड्यांवरून ठरेल.

पुढचा पेपर वाचायला घ्याल तेव्हा हेच चार प्रश्न समासात लिहून ठेवा: परिणामाचं प्रमाण हिशेबात बसतं का, एका वेळी एकच गोष्ट बदलली का, मोजणारं साधन त्या घटनेच्या वेगाचं आहे का, आणि दुसरं कारण वगळलं का. गाइड पहिल्या मीटिंगमध्ये बहुतेक वेळा यातलाच एखादा विचारतात. आणि घरात कोणाच्या गाडीचे लाइट ठोक्यागणिक मंद होत असतील, तर दुकानात जाण्याआधी मल्टिमीटर घेऊन खाली उतरा.