रसायनशास्त्र अचूक नाही काय?

ऑगस्ट २०१६ मध्ये ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे ऑलिंपिक स्पर्धा चालू असताना, मारिया लेंक जलक्रीडा केंद्रातील सूर मारण्याच्या स्पर्धांचा तलाव ९ तारखेला हिरवा दिसू लागला. दुसऱ्या दिवशी शेजारचा वॉटर पोलोचा तलावही त्याच वाटेने गेला. जगभर त्याची थट्टा झाली. ती आपण बाजूला ठेवू. आयोजकांनी या हिरवेपणाची जी कारणे दिली, ती मात्र विज्ञान शिकवणाऱ्यांनी तपासून पाहावीत अशी आहेत.

कारणे एकामागून एक बदलत गेली. हवा उष्ण आणि वारा पडलेला, म्हणून शेवाळ वाढले, असे सुरुवातीला सांगण्यात आले. पाण्याची अल्कता एकाएकी घटली, असेही म्हटले गेले. आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने निवेदन काढले की, शुद्धीकरणाची काही रसायने संपल्यामुळे पाण्याचा सामू बिघडला. अखेर १३ तारखेला खुलासा झाला : उद्घाटनाच्या दिवशी, म्हणजे ५ ऑगस्टला, कंत्राटदाराने पाण्यात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले होते. याच दिवसांत आयोजन समितीचे प्रवक्ते मारिओ आंद्रादा यांनी, रसायनशास्त्र हे काही अचूक शास्त्र नव्हे, अशा अर्थाचे विधान केले. आमचा आक्षेप आहे तो या विधानाला.

आधी उष्णतेचे कारण पाहू. ऊन आणि उष्णता शेवाळाला मानवतात हे खरे. पण उघड्यावरच्या तलावात ती असायचीच, आणि म्हणून तर पाण्यात क्लोरीन घालतात. तेव्हा प्रश्न उरतो तो हा, की क्लोरीनने आपले काम का केले नाही?

अल्कता आणि सामू यांची गल्लत तर आपल्या वर्गांतही होते. सामू म्हणजे पाणी या क्षणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे याचे माप. अल्कता म्हणजे आम्ल मिसळले तरी सामू न ढळू देण्याची पाण्याची क्षमता; ती मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येते. अल्कता कमी असली की थोड्याशा आम्लानेही सामू घसरतो.

सामूला एवढे महत्त्व का? क्लोरीन पाण्यात गेल्यावर त्याचे हायपोक्लोरस आम्ल बनते. त्यातील काही भाग आम्लरूपात राहतो, काही हायपोक्लोराइट आयनांच्या रूपात. जंतू आणि शेवाळ मारण्यात आम्लरूप कितीतरी अधिक प्रभावी असते. सामू ७.२ असताना सुमारे दोन तृतीयांश भाग आम्लरूपात असतो, सामू ८ झाला की जेमतेम पाव. म्हणून हट्टी शेवाळावर नुसते क्लोरीन ओतत राहून भागत नाही. प्रथम सामू ७.२ ते ७.६ च्या दरम्यान आणायचा, भिंतींवरचा थर घासून काढायचा, मग क्लोरीनची मोठी मात्रा द्यायची आणि गाळणयंत्र अखंड चालू ठेवायचे. रात्रभरात क्लोरीन घटेनासे झाले, म्हणजे त्याला खाणारे काही उरले नाही असे समजावे.

तरीही सामू चढल्याने क्लोरीन दुबळे होते, नाहीसे होत नाही. ते नाहीसे करण्याचे काम पेरॉक्साइडचे. पेरॉक्साइड हे ऑक्सिडीकारक आहे असे आपण मुलांना शिकवतो. इथे मात्र ते क्षपणकाचे काम करते : हायपोक्लोरस आम्लाशी त्याची अभिक्रिया होऊन हायड्रोक्लोरिक आम्ल, पाणी आणि ऑक्सिजन तयार होतात. दोन्ही जंतुनाशके एकमेकांना संपवतात.

आता हिशेब करू. वॉटर पोलोच्या तलावातले पाणी अखेर काढून टाकून सरावाच्या तलावातले सुमारे ३७ लाख लिटर पाणी त्यात भरावे लागले. एवढ्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन धरले, तर ते ७.४ किलो होते. ३४ ग्रॅम पेरॉक्साइड ७१ ग्रॅम क्लोरीन निकामी करते. म्हणजे साडेतीन किलो पेरॉक्साइड पुरे. ८० लिटर द्रावण ३५ टक्क्यांचे आणि सगळे एकाच तलावात गेले असे धरल्यास, त्यात ३० किलोंहून अधिक पेरॉक्साइड असते, म्हणजे गरजेच्या आठपटींहून जास्त. अगदी ३ टक्क्यांचे सौम्य द्रावण धरले, तरी दोन तृतीयांश क्लोरीन जाते. (हा हिशेब फळ्यावरच करावा, रसायने एकत्र करून पाहू नयेत.)

हे सारे नववी-दहावीचे गणित आहे. पाण्याने रसायनशास्त्राचे नियम काटेकोरपणे पाळले. ते पाळले म्हणूनच ते हिरवे झाले. ऊन, घाम, पालापाचोळा यांचा नेमका अंदाज बांधता येत नाही, एवढे आम्ही मान्य करतो. पण त्यावरचा उपाय म्हणजे वारंवार मोजणे आणि पाण्यात काय, किती, केव्हा घातले याची नोंद ठेवणे. ती समोर असती, तर आठवडाभर कारणे बदलत बसावी लागली नसती.

रिओला दोष देताना आपण स्वतःकडेही पाहावे. ‘क्लोरीनमुळे जंतू मरतात’ या एका वाक्याला आपणही पूर्ण गुण देतो. गावच्या विहिरीत टीसीएल पावडर पडते तेव्हा किती टाकली, पाण्याचा सामू किती होता, अर्ध्या तासाने क्लोरीन किती उरले, हे मुलांनी विचारायला हवे. भारतीय मानकानुसार क्लोरीन वापरून शुद्ध केलेल्या पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे लागते. ते आहे की नाही, हे पाण्यात ओटीचे थेंब टाकून येणाऱ्या पिवळ्या रंगावरून कळते. ग्रामपंचायतीत ही चाचणी होते तेव्हा एकदा वर्ग घेऊन तिथे जावे, आणि आलेला आकडा मुलांना वहीत तारखेसह लिहायला सांगावा.