रॉकमधली घराणी

सर्वश्रेष्ठ रॉक बँड कोणता, या वादात पहिल्या जागेवर बीटल्सचं नाव आधीच लिहिलेलं असतं. भांडण सुरू होतं ते दुसऱ्या क्रमांकापासून. त्यात गैर काही नाही. १९६६च्या 'रिव्हॉल्व्हर'मध्ये त्यांनी टेप उलट्या फिरवल्या, टेपचे तुकडे जोडून गोल फिरत ठेवले, आणि त्याच ऑगस्टमध्ये दौरे कायमचे बंद केले. पुढे स्टुडिओ हेच त्यांचं वाद्य झालं.

पण खप आणि लोकप्रियता बाजूला ठेवून गवयासारखं घराण्यावरून, म्हणजे मागे शिष्य किती राहिले यावरून बँड जोखले, तर क्रम बराच उलटापालटा होतो. क्वीनचंच बघा. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, म्हणून तो आपल्याला अंमळ जवळचा. त्याच्या गळ्यावर फिदा होणारे कोट्यवधी. मात्र तो गळा पुढे कोण चालवणार?

ब्लॅक सॅबथचं उलटं आहे. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात बँडचा गिटारवादक असलेल्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि १९७१च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'त त्या चक्क तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. बोटांवरचा ताण कमी झाला. आवाज मात्र जड, काळपट झाला. त्याआधीच, १९७०च्या पहिल्या अल्बमच्या शीर्षकगीतात, षड्जावरून तीव्र मध्यमावर जाऊन थांबणारी त्यांची भीतिदायक चाल आली होती. समीक्षकांनी तेव्हा नाकं मुरडली. मेटालिकापासून पुढचं सगळं हेवी मेटल आज त्याच मध्यमावर उभं आहे, म्हणून माझ्या लेखी दुसरा क्रमांक सॅबथचा.

व्हेल्वेट अंडरग्राउंडचा १९६७चा पहिला अल्बम फारसा खपलाच नाही. पण त्यांची गाणी वाजवणाऱ्या प्रागच्या 'प्लास्टिक पीपल'मधल्या वादकांना १९७६मध्ये अटक झाली, आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांमधून 'चार्टर ७७' ही मानवी हक्कांची चळवळ जन्मली. तीत वाक्लाव हावेल होते, पुढचे राष्ट्राध्यक्ष.

लेड झेपेलिनबाबत माझं मन दुभंगतं. वादनात त्यांच्या तोडीचे थोडेच, पण उसनवारीची कबुली द्यायला जीभ जड. 'होल लॉटा लव्ह'वरून ब्लूजकार विली डिक्सन यांना १९८५मध्ये कोर्टात जावं लागलं. प्रकरण तडजोडीने मिटलं. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'ला मात्र झेपेलिनने ब्लूजगायिका मेम्फिस मिनीचं नाव दिलं. मिसिसिपीच्या १९२७च्या महापुरावरचं तिचं हे गाणं १९२९चं. झेपेलिनच्या जॉन बॉनमने १९७१च्या अल्बमसाठी ते एका जुन्या घराच्या जिन्याखाली ड्रम मांडून वाजवलं, मायक्रोफोन वर टांगून. १९८६मध्ये बीस्टी बॉईजनी तोच ठेका उचलून आपल्या रॅपखाली घातला.