हशा कुणाच्या नावावर?

लवासात पावसाळ्यात गेलं की आधी एखाद्या सिनेमाच्या सेटवर आल्यासारखं वाटतं. दासव्याच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी इटलीतल्या किनाऱ्यासारख्या रंगीत इमारती ओळीने उभ्या आहेत आणि त्यांतल्या कितीतरी खिडक्यांमागे कुणीच राहत नाही. 2018 मध्ये इथल्या कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. तेव्हापासून लग्नाआधीचे फोटो काढायला येणारी जोडपी आणि पुण्याहून येणाऱ्या सहली यांच्यावरच इथली वर्दळ चालते. गेल्या श्रावणात अशाच एका भिशीच्या ग्रुपशेजारी बसून मी मक्याचं कणीस खात होतो. पन्नाशीच्या एक बाई विहिणीशी फोनवर बोलणाऱ्या सासूची नक्कल करत होत्या. नुसतं ‘हो का’ हे दोन अक्षरी वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं. पहिल्यांदा त्यात कौतुक होतं, दुसऱ्यांदा संशय, आणि तिसऱ्यांदा विहीण आपल्या दृष्टीने कायमची संपली असल्याची नोंद. सगळ्या बायका वाकून वाकून हसत होत्या.

मी मात्र बघत राहिलो त्यांच्या शेजारच्या बाईंकडे. त्या चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता मधेमधे साधे प्रश्न टाकत होत्या. ‘मग, त्यांनी चकल्या आणल्या होत्या की नाही?’ प्रश्न पडला की पलीकडून हशा उसळायचा. तो प्रश्न अर्धा क्षण लवकर आला असता तर आधीच्या हशात बुडाला असता, उशिरा आला असता तर नकलेचा जीव गेला असता. घरी जाऊन सगळ्याजणी नकलेचं कौतुक करणार, चकल्यांचा प्रश्न कुणाच्या लक्षात राहणार नाही.

आपल्या विनोदी अभिनेत्रींचं असंच झालंय. हशा त्यांच्या हातून निघतो आणि दुसऱ्याच्या नावावर जमा होतो. ही गोष्ट फार जुनी आहे. मुळात मराठी रंगभूमीवरची विनोदी बाई ही बाईच नव्हती. तमाशाच्या गवळणीत गौळणींची म्होरकी असते ती मावशी. कृष्णाला आणि पेंद्याला सुनावणारी, तोंडाळ, कमरेवर हात ठेवून उत्तरं देणारी. ही मावशी परंपरेने पुरुषाने करायची. गौळणी बायका आणि मावशी बाप्या! नाचायचं, लाजायचं, दिसायचं काम बायकांकडे, बोलून हसवायचं काम लुगडं नेसलेल्या पुरुषाकडे. संगीत नाटकात तर नायिकासुद्धा पुरुषच होता. 1933 साली नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या आणि बाईचं काम बाईने करायचं ही गोष्ट नाटकात हळूहळू रुळली. पण ती रुळली नायिकेपुरती. मराठी रंगभूमीवरचं सगळ्यांत लाडकं विनोदी स्त्रीपात्र कोणतं, असं विचारलं तर आजही दहातली आठ माणसं ‘मोरूची मावशी’ म्हणतील. आचार्य अत्र्यांनी ते ‘चार्लीज आंट’वरून घेतलं आणि विजय चव्हाणांनी त्यात जी धमाल केली ती विसरणं अशक्य आहे. विजय चव्हाणांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार एवढीच, की आपल्या डोक्यात विनोदी बाईचा नमुना म्हणून अजून तो पदर आणि त्याखालची मिशी बसली आहे.

आता ज्यांच्यामुळे हे लिहायला बसलो त्यांच्याकडे वळतो. शुभा खोटे. जन्म 1937, मुंबई. वडील नंदू खोटे नाटक-सिनेमातले, दुर्गा खोटे नात्याने काकू, धाकटा भाऊ विजू, म्हणजे ‘शोले’तला कालिया. एवढं घराणं पाठीशी असूनही या मुलीची पहिली ओळख होती सायकल. पोहण्याच्या आणि सायकलच्या शर्यती जिंकणारी ही खेळाडू मुलगी 1955 मध्ये अमिय चक्रवर्तींच्या ‘सीमा’त पुतली म्हणून आली. समोर होत्या नूतन आणि बलराज साहनी. त्या काळच्या पडद्यावर विनोदी बाई म्हटलं की टुणटुण. बाईच्या जाडीवर हसायचं, हे ठरलेलं. शुभा खोटे आल्या त्या काटक, चपळ, पायांत वीज असलेल्या. त्यांच्यावर हसायला लठ्ठपणा नव्हता, कुरूपपणा नव्हता, तोतरेपणा नव्हता. उरला फक्त वेग. हसवायचं तर चालण्याने, मान वळवण्याने, वाक्य तोडण्याच्या जागेने हसवायचं. खेळाडूला टायमिंग शिकवावं लागत नाही, हे त्यांचे सुरुवातीचे चित्रपट पाहताना पटतं.

1959 च्या ‘अनाडी’त त्या आशा आहेत. श्रीमंत मालकीण नूतन गरिबाच्या प्रेमात पडते आणि आपण मोलकरीण असल्याचं सोंग घेते. मग खऱ्या मोलकरणीची पंचाईत होते. प्रेमकथेची सगळी अडचण नूतनची, पण त्या अडचणीतला विनोद पोसायचं काम शुभा खोट्यांचं. त्याच चित्रपटात ललिता पवार मिसेस डिसा आहेत, आणि त्या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं. येवल्याच्या ललिताबाईंना आपण खाष्ट सासू म्हणून ठेवून दिलंय. 1942 मध्ये सेटवर बसलेल्या थपडेने अधू झालेला डोळा सगळ्यांना पाठ आहे. पण 1962 चा ‘प्रोफेसर’ पुन्हा पाहा. कडक शिस्तीची पालक बाई नकली म्हाताऱ्या प्रोफेसरच्या, म्हणजे दाढी लावलेल्या शम्मी कपूरच्या, प्रेमात पडते. ललिताबाई त्या बाईची खिल्ली उडवत नाहीत. त्या वयाची बाई इतक्या वर्षांनी आरशासमोर थांबते तेव्हा आपण हसतो आणि लगेच हसल्याची लाज वाटते. अशी दुहेरी मार असलेली विनोदी भूमिका त्या दशकात फार कमी पुरुषांच्या वाट्याला आली. तरी ‘प्रोफेसर’चं नाव निघालं की शम्मी कपूरची दाढी आठवते.

शुभा खोट्यांचं खरं दुकान लागलं मेहमूद आणि धुमाळ यांच्याबरोबर. ‘छोटी बहन’, ‘ससुराल’, ‘जिद्दी’, ‘लव्ह इन टोकियो’. धुमाळ मराठी रंगभूमीवरून आलेले, संतापलेला बाप करायला जन्मलेले, मेहमूद प्रियकर, आणि दोघांच्या मधे ही मुलगी. सूत्र एकच होतं आणि ते चित्रपटागणिक वापरलं गेलं. आज सलग पाहिलं तर कंटाळा येतो, हे कबूल. मूळ कथेला ठिगळासारखी जोडलेली ही विनोदी उपकथानकं आता जुनाट वाटतात. पण ती पाहताना मेहमूदवरून नजर काढून शुभा खोट्यांवर ठेवा. मेहमूदची पद्धत प्रत्येक दृश्यात नवीन काहीतरी जोडण्याची होती. आयत्या वेळी केलेली ती भर समोरच्याला पेलावी लागायची. तिने आधीच हसून टाकलं की संपलं, आणि ती कोरी राहिली तरी संपलं. शुभा खोटे दोन्हींच्या मधे राहतात: जरा त्रासलेल्या, जरा प्रेमात, आणि धुमाळ येताहेत का याकडे एक कान. ‘लव्ह इन टोकियो’त तर मेहमूद जपानी गेशा होतो आणि पुन्हा तेच, बाईच्या वेशातला पुरुष हशा घेऊन जातो. खरी बाई शेजारी उभी राहून त्या सोंगाला खरेपणा देते. 1961 च्या ‘घराना’ आणि ‘ससुराल’ या दोन्हींसाठी त्यांना फिल्मफेअरचं साहाय्यक अभिनेत्रीचं नामांकन होतं. एकाच वर्षी दोन, आणि बक्षीस दुसऱ्याच चित्रपटातल्या निरुपा रॉयना.

नायिकेची मैत्रीण ही नोकरी चाळिशीत संपते. मेहमूदच्या जोडीला पुढे अरुणा इराणी आली, मुमताज आली. इथे बहुतेक विनोदी नट्या लग्नाच्या फोटोसारख्या भिंतीवर जातात. शुभा खोट्यांनी आधीच 1968 मध्ये ‘चिमुकला पाहुणा’ हा मराठी चित्रपट स्वतः निर्माण केला, दिग्दर्शितही केला. आपल्याकडे त्याची आठवण जवळपास कुणी काढत नाही. 1981 मध्ये के. बालचंदर यांनी ‘एक दूजे के लिए’त त्यांना नायिकेची आई दिली, आणि जिच्यावर वीस वर्षं हसलो तिचा राग यावा असं काम त्यांनी केलं. विनोदी नटी खलनायिका होते तेव्हा तिच्यात काही नवं येत नाही. तोच वेग, तीच तोडलेली वाक्यं, फक्त दया काढून घेतलेली.

मग दूरदर्शनचं ‘जबान संभाल के’. पंकज कपूर मास्तर, शिकवणी संस्थेच्या प्रमुख दीक्षितबाई शुभा खोटे, विद्यार्थ्यांत विठ्ठल बापूराव पोटे म्हणून विजू खोटे, आणि शिवाय मुलगी भावना बलसावर. मामा, भाची, आई एकाच मालिकेत. प्रत्येक विद्यार्थी आपापल्या प्रांताचं हिंदी बोलून हशा घेतो आणि दीक्षितबाई मधूनच दार उघडून आत येतात. त्यांना विनोद फारसा दिलेलाच नाही. त्या आल्या की वर्ग गप्प होतो आणि पुढच्या विनोदाला जागा मोकळी होते. 2022 च्या ‘डबल एक्सएल’मध्ये त्या आजी झाल्या. ‘सीमा’पासून मोजलं तर सदुसष्ट वर्षं. एवढ्या काळात त्यांच्यावर किती मराठी लेख आले, हे बोटांवर मोजून संपेल.

आज परिस्थिती बदलली आहे का? संख्येने, हो. निर्मिती सावंत यांची ‘कुमारी गंगूबाई नॉनमॅट्रिक’ हा मोठा टप्पा होता आणि त्या नावातच त्याचं कारण आहे. कुमारी, म्हणजे कुणाची बायको नाही, सासू नाही. नॉनमॅट्रिक, म्हणजे शिकलेल्यांच्या दारात उभी राहिलेली. कुणाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून नव्हे, आपल्याच मर्जीने बोलणारी विनोदी बाई मराठी घराघरांत तेव्हा पोचली. त्यानंतर विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात, श्रेया बुगडे, सुप्रिया पाठारे. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ 2018 पासून ज्या वेगाने स्किट्स काढते त्या वेगात या बायकांनी स्वतःचा सूर टिकवला हे मोठं काम आहे. विशाखा सुभेदार आणि समीर चौघुले यांच्या जोडीत कोण वाक्य देतंय आणि कोण घेतंय हे कळेनासं व्हायचं. मेहमूद-शुभा खोटे जोडीत ते नेहमी कळायचं. हा फरक मी प्रगती मानतो.

लेखनाबद्दल मात्र तसं म्हणवत नाही. वाक्य सुचलं नाही की बाईच्या वजनावर घसरायचं, ही खोड अजून गेलेली नाही. टुणटुणच्या काळातला विनोद आता एचडीत दिसतो इतकंच. आणि ‘चला हवा येऊ द्या’ने दहा वर्षं पुरुषांना साड्या नेसवून जो हशा वसूल केला, त्यात श्रेया बुगडे एकटी बाई म्हणून शेजारी उभी होती. ती उत्तम नक्कल करते, सगळ्यांना माहीत आहे. पण स्टेजवर चार पुरुष पदर सावरत असले की खऱ्या पदराकडे कोण बघतं? गवळणीतली मावशी चॅनेलवर आली ती अशी.

चित्रपटांत ‘झिम्मा’ (2021) आणि ‘बाईपण भारी देवा’ (2023) यांनी दाखवून दिलं की पन्नाशी-साठीच्या बायका पाहायला बायका गर्दी करतात. निर्मिती सावंत, वंदना गुप्ते, रोहिणी हट्टंगडी यांना एकमेकींना वाक्य द्यायला मिळालं, समोर पुरुष लागला नाही. दोन्ही चित्रपट शेवटाकडे फार लवकर गहिवरतात, असं माझं मत आहे. विनोदी बाईला रडवल्याशिवाय तिला मोठी म्हणायचं नाही, हा आपला हट्ट असावा.

तो हट्ट मोडणारं काम वंदना गुप्त्यांच्याच बहिणीने केलं. माणिक वर्मांच्या या मुलीचं, भारती आचरेकरांचं नाव विनोदी अभिनेत्रींच्या यादीत मी सगळ्यांत वर लिहीन. 1988 च्या ‘वागळे की दुनिया’त त्या राधिका वागळे झाल्या. वागळे घाबरतो, गोंधळतो, हसू त्याच्यावर येतं. राधिका शांतपणे पोळ्या लाटत असल्यासारखी त्याला जमिनीवर ठेवते. 2021 मध्ये मालिका नव्याने आली तेव्हा तेहतीस वर्षांनी त्या पुन्हा राधिकाच होत्या, आता आजी. भूमिका माणूस म्हणून लिहिलेली असली की तिला म्हातारी होता येतं, हे तिथे दिसलं.

पण त्यांचं सर्वांत थोर काम 2013 च्या ‘द लंचबॉक्स’मध्ये आहे आणि त्यात त्या दिसतच नाहीत. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी. खाली इला स्वयंपाक करते, वरून फक्त आवाज येतो, आणि खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली. वास घेऊन भाजीत काय कमी आहे हे सांगणारा, मिरच्या टोपलीतून धाडणारा, जुन्या गाण्याची कॅसेट लावणारा आवाज. पन्नास वर्षं शेजारी उभं राहून दुसऱ्याला वाक्य देणाऱ्या बायकांची सगळी कला त्या आवाजात उतरली आहे. चेहरासुद्धा काढून घेतला, तरी दृश्य तिच्याच हातात आहे. देशपांडे आंटींचा नवरा पंधरा वर्षं अंथरुणाला खिळून छताच्या पंख्याकडे टक लावून बघतोय. पंखा थांबला तर जीव जाईल, असं त्यांच्या मनाने घेतलंय. म्हणून पंखा पुसायचा तर तो चालू असतानाच पुसायचा. हे त्या खिडकीतून इलाला इतक्या सहज सांगतात, जणू आज कोथिंबीर महाग मिळाली.