पाळत, पारपत्र आणि आवाज : पॉल रोबसन यांच्या कलेचा एक विचार

प्रास्ताविक :
कलावंतावर आलेल्या राजकीय दडपणाची नोंद बहुधा त्याच्या चरित्रात होते. त्याच्या कलेच्या समीक्षेत तिला क्वचितच स्थान मिळते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायक-अभिनेते पॉल रोबसन (१८९८-१९७६) यांच्याबाबतीत हेच घडले. एकीकडे त्यांच्या खर्जातील आवाजाची व ऑथेल्लोच्या भूमिकेची प्रशंसा आणि दुसरीकडे त्यांच्या छळाची हकिकत, अशी विभागणी रूढ झाली. प्रस्तुत लेखाला ही विभागणी मान्य नाही. शासकीय बंदीमुळे रोबसन यांच्या प्रयोगाचे रूपच बदलले. म्हणून त्या बंदीचा विचार हा त्यांच्या कलाविचाराचाच भाग ठरतो.

गीताचा बदललेला अर्थ :
‘शो बोट’ या संगीतिकेतील ‘ओल’ मॅन रिव्हर’ हे गीत रोबसन यांनी १९२८ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर गायिले. श्वेतवर्णीय गीतकाराने लिहिलेल्या या गीतातील कृष्णवर्णीय मजूर थकलेला व दैवाला शरण गेलेला आहे. पुढे, १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, रोबसन यांनी त्यातील शब्द बदलले आणि तोच मजूर लढण्याचा निर्धार व्यक्त करू लागला. चाल तीच, आवाज तोच. परंतु गाणारा आता दुसऱ्याने रेखाटलेली व्यक्तिरेखा वठवीत नव्हता. त्यांच्या कलेतील राजकीय आशय हा भाषणातून गाण्यात आलेला नसून गायनातच घडलेला होता.

बंदीचे स्वरूप :
एफबीआयने १९४० च्या दशकाच्या आरंभापासून त्यांच्यावर पाळत ठेवली होती. एप्रिल १९४९ मध्ये पॅरिस येथील शांतता परिषदेतील त्यांच्या भाषणाचा विपर्यस्त वृत्तान्त प्रसृत झाल्यानंतर वातावरण तापले. त्याच वर्षी पीकस्किल येथे २७ ऑगस्टची मैफल जमावाने उधळली. ४ सप्टेंबरला ती पार पडली, परंतु परतणाऱ्या श्रोत्यांवर दगडफेक होऊन शंभराहून अधिक लोक जखमी झाले. १९५० मध्ये एनबीसीने त्यांचा दूरचित्रवाणीवरील नियोजित सहभाग रद्द केला आणि परराष्ट्र खात्याने त्यांचे पारपत्र रद्द केले. एक लाख डॉलरहून अधिक असलेले त्यांचे वार्षिक उत्पन्न काही वर्षांत सुमारे सहा हजारांवर आले.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. या साऱ्यात कोणत्याही गीतावर कायद्याने बंदी घातली गेली नव्हती. बंद झाली ती सभागृहे, ध्वनिमुद्रण, प्रसारण आणि सीमा. शब्द खोडण्याऐवजी आवाज व श्रोता यांची भेटच होऊ नये, अशी ही व्यवस्था होती. सादरीकरणाच्या कलेला श्रोत्यावाचून अस्तित्व नसते. त्यामुळे असा निर्बंध पुस्तकावरील बंदीहून अधिक खोलवर परिणाम करतो.

बंदीतून घडलेला प्रयोग :
१९५२ मध्ये त्यांना कॅनडात जाण्यास मज्जाव करण्यात आला. वास्तविक त्या प्रवासास पारपत्राची आवश्यकता नव्हती. तेव्हा १८ मे रोजी ‘पीस आर्च’ येथे सीमारेषेलगत उभ्या केलेल्या मालमोटारीच्या उघड्या हौद्यावरून ते गायिले आणि दोन्ही देशांतील हजारोंनी ते ऐकले. मे १९५७ मध्ये न्यूयॉर्कहून दूरध्वनीच्या तारेवरून त्यांचे गायन लंडनच्या सभागृहात पोहोचले. त्याच वर्षी वेल्समधील खाणकामगारांच्या महोत्सवातही ते अशाच रीतीने ऐकविण्यात आले. या मैफलींत गायकाची अनुपस्थिती हाच प्रयोगाचा आशय होतो. श्रोता गाण्याबरोबर बंदीही ऐकतो. दडपणाने कलावंताचे अपरिमित नुकसान केले हे निर्विवाद. तथापि त्याच काळात मैफलीच्या रूढ चौकटीबाहेरचा एक प्रयोगप्रकार सिद्ध झाला, याची नोंद समीक्षेने घ्यावयास हवी.

एक आक्षेप :
रोबसन यांनी सोव्हिएत दडपशाहीविरुद्ध जाहीरपणे आवाज उठविला नाही, हा आक्षेप रास्त आहे. १९४९ मध्ये मॉस्कोत ते यिद्दिश कवी इत्सिक फेफर यांना भेटले होते. १९५२ मध्ये फेफर यांना मृत्युदंड देण्यात आला. रोबसन यांचे हे मौन समर्थनीय नाही. परंतु त्यांचे पारपत्र या मौनासाठी रोखलेले नव्हते. कृष्णवर्णीयांच्या स्थितीविषयी परदेशात बोलणे आणि आफ्रिकी वसाहतींच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार करणे, या गोष्टी परराष्ट्र खात्याने न्यायालयात त्यांच्याविरुद्ध मांडल्या होत्या. कलावंताच्या मतांतील दोष दाखविणे हे समीक्षेचे काम आहे. तेच काम सीमेवरील अधिकाऱ्याकडे सोपविता येत नाही.

समारोप :
एप्रिल १९५८ मध्ये, पारपत्र परत मिळण्यापूर्वीच, त्यांचा साठावा वाढदिवस भारतात साजरा झाला. त्यासाठीच्या समितीचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला होते व पंतप्रधान नेहरूंनी या उपक्रमास जाहीर पाठिंबा दिला होता. अमेरिकी राजनैतिक अधिकाऱ्यांनी हा समारंभ टळावा म्हणून प्रयत्न केले. १६ जून १९५८ रोजी, ‘केंट विरुद्ध डलेस’ खटल्यात, राजकीय श्रद्धांच्या आधारे पारपत्र नाकारण्याचा अधिकार परराष्ट्रमंत्र्यांना नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दिला आणि रोबसन यांना पारपत्र मिळाले. परंतु गेलेली आठ वर्षे ऐन उमेदीच्या आवाजाची होती. मोजकी ध्वनिमुद्रणे मागे राहिलेल्या या कालखंडाचे मूल्यमापन करताना, जे गायिले गेले त्याबरोबरच जे ऐकू दिले गेले नाही त्याचाही हिशेब मांडणे आवश्यक आहे.