कैकेयीच्या साच्यातील राणी : सोयराबाईंचा अंत आणि मराठी ऐतिहासिक ललितकृती

६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांसमवेत पट्टराणी म्हणून अभिषिक्त झालेल्या सोयराबाई १६८१च्या ऑक्टोबरात मृत्यू पावल्या. मधल्या सात वर्षांत पट्टाभिषेक, वैधव्य, दहा वर्षांच्या राजारामाचे २१ एप्रिल १६८० रोजी झालेले मंचकारोहण, त्या डावाचा पराभव आणि अखेरीस कटाचा आरोप एवढे सारे घडले. शोकात्मिकेला याहून अधिक काय हवे असते? तरीही मराठी ललित वाङ्मयाने त्यांना कारस्थानी सावत्र आई एवढीच भूमिका दिली. याचे कारण पुराव्याच्या तुटपुंजेपणात शोधण्याची रीत आहे. परंतु तुटपुंज्या पुराव्यावर मराठी ऐतिहासिक कादंबरी कधी अडल्याचे दिसत नाही. अडचण पुराव्याची नसून आदिबंधाची आहे.

त्यांच्या मृत्यूच्या कथनाला स्वतःचा एक इतिहास आहे. क्रूर देहदंडाची कथा रूढ केली ती मल्हार रामराव चिटणीसांच्या १८१०च्या सुमारास लिहिलेल्या बखरीने. बखरकार बाळाजी आवजींचा वंशज, आणि बाळाजी आवजी १६८१च्या त्याच प्रकरणात मारले गेले होते. लेखणीमागे घराण्याचे दुःख होते हे विसरता येत नाही. १८२६मध्ये ग्रँट डफने या कथेला इंग्रजी इतिहासग्रंथाची प्रतिष्ठा दिली. वा. सी. बेंद्रे यांचे १९६०चे संभाजीचरित्र आणि पुढे कमल गोखले यांचे संशोधन यांनी ही प्रतिमा मोडली. संभाजींच्या ऑगस्ट १६८०च्या संस्कृत दानपत्रात सावत्र मातेच्या अंतःकरणाच्या निर्मळतेची ग्वाही आहे. राज्य हाती येताच तिचा सूड घेतल्याची कथा त्यापुढे टिकत नाही. मात्र या पुनर्मूल्यांकनाचा एक परिणाम वाङ्मयाच्या अभ्यासकांनी पुरेसा लक्षात घेतलेला नाही. नायक निर्दोष ठरला, तेव्हा दोषाला दुसरे घर शोधणे कथनाला भाग पडले. ते अण्णाजी दत्तो आणि सोयराबाई यांच्यात सापडले.

अण्णाजींना मंथरा केले की सोयराबाई आपोआपच कैकेयी होतात. हा साचा वाचकाच्या ओळखीचा आहे, म्हणूनच तो घातक ठरतो. रामकथेत कैकेयीला मृत्युदंड नाही. पुत्राच्या नकाराने लज्जित होऊन ती मागे सरते आणि कथा वनात जाते. साच्यातच मृत्यूला जागा नसल्यामुळे लेखकाला तो कोठे ठेवावा हे कळत नाही. वसंत कानेटकरांची दोन नाटके या दृष्टीने बोलकी आहेत. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) शिवाजी महाराजांच्या अखेरच्या पर्वाचे. ‘इथे ओशाळला मृत्यू’ (१९६८) संभाजींच्या अखेरचे. १६८१ हे साल या दोहोंच्या मधल्या पोकळीत पडते. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ (१९७९) या कादंबरीला संभाजींचे समग्र आयुष्य कवेत घ्यायचे असल्याने ते साल ओलांडावेच लागते. पण तेथेही कटाचे मोल ठरते ते संभाजींच्या वेदनेवरून.

इंग्लंडातील अ‍ॅन बोलीनचे उदाहरण येथे उपयोगी आहे. १५ मे १५३६ रोजी तिच्यावर खटला चालला, १९ मे रोजी शिरच्छेद झाला. आरोप, न्यायाधीश, वधस्तंभावरील भाषण, सारे नोंदले गेले. तरी शेक्सपिअर आणि फ्लेचर यांचे १६१३मध्ये रंगभूमीवर आलेले आठव्या हेन्रीवरील नाटक तिच्या अंतापर्यंत जातच नाही. ते तिच्या कन्येच्या, एलिझाबेथच्या, नामकरणापाशी थांबते. कन्या पुढे राणी झाली, तेव्हा मातेचा वध रंगमंचावर गैरसोयीचा होता. सोयराबाईंचा पुत्रही १६८९मध्ये राज्याचा धनी झाला. परंतु अ‍ॅनचा अंत पुढील लेखकांना पुन्हा उघडता आला, कारण वादीप्रतिवादीची संहिता शिल्लक होती. हिलरी मँटेलने २०१२च्या कादंबरीत त्या खटल्याकडे टॉमस क्रॉमवेलच्या, म्हणजे तो घडवून आणणाऱ्याच्या, नजरेतून पाहिले. सोयराबाईंच्या बाबतीत आरोप आहे, मृत्यूची नोंद आहे. त्यांचे उत्तर मात्र कोठेच नाही.

ते उत्तर लिहिणे हे ललित लेखकाचेच काम, आणि त्याची सामग्री हाताशी आहे. राजारामाचे मंचकारोहण झाले तेव्हा सरसेनापती हंबीरराव मोहिते, म्हणजे सोयराबाईंचे सख्खे बंधू, भाच्याच्या बाजूने उभे राहिले नाहीत. ते संभाजींना मिळाले. बहीण, भाऊ आणि सिंहासन यांच्यातील हा पेच रामायणाच्या साच्यात बसत नाही. पुढच्या वर्षी कट उघडकीला आला, अण्णाजी दत्तो आणि बाळाजी आवजी यांना मृत्युदंड झाला आणि थोड्याच अवधीत बहीणही गेली, तेव्हा हंबीरराव सरसेनापतीपदावरच होते.