‘कॉपी’ या आज्ञेचा अर्थ : नेटवर्क स्विचमधील फाइल-व्यवस्थापनाची चिकित्सा

संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिक-वह्यांत स्विचच्या फाइल-व्यवस्थापनाचा भाग बहुधा चार-पाच आज्ञांत उरकला जातो. त्यासाठी सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचमधील ‘आयओएस’ प्रणालीची आज्ञावली प्रमाण मानली जाते. तिच्यातील ‘कॉपी’ हा एकच शब्द प्रस्तुत लेखात तपासावयाचा आहे.

मराठीत प्रत म्हणजे मूळ बरहुकूम दुसरे. ‘रनिंग-कॉन्फिग’ ही चालू मांडणी रॅममध्ये असते व वीज जाताच नाहीशी होते. ‘स्टार्टअप-कॉन्फिग’ ही जतन केलेली मांडणी होय. पहिलीवरून दुसरीत ‘कॉपी’ केल्यास जुने पुसून नवे लिहिले जाते. येथवर शब्द खरा आहे. उलट दिशेने तीच आज्ञा दिली असता मात्र प्रत होत नाही, मिसळण होते. जतन फाइलमधील ओळी चालू मांडणीत मिळवल्या जातात आणि ज्या ओळींना तेथे प्रतिस्पर्धी नाही त्या तशाच राहतात. एखाद्या पोर्टवर चुकून लावलेला निर्बंध जुनी फाइल ‘परत आणल्यावरही’ कायम राहतो, तो यामुळेच. पुढे ‘कॉन्फिगर रिप्लेस’ ही स्वतंत्र आज्ञा द्यावी लागली, हीच मूळ शब्दाच्या अपुरेपणाची कबुली म्हणावी लागेल. शिवाय व्हीटीपी सर्व्हर अवस्थेतील व्हीलॅनची नोंद या दोन्हींत नसतेच. ती फ्लॅशमधील ‘व्हीलॅन डॉट डॅट’ या वेगळ्या फाइलमध्ये असते. परिणामी ‘राइट इरेज’ देऊनही जुने व्हीलॅन शिल्लक राहतात.

फर्मवेअरच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर होतो. नवी प्रतिमा आणण्यासाठी शिकवला जाणारा टीएफटीपी हा संकेत (१९९२ चा आरएफसी १३५०) नाव वा परवलीचा शब्द विचारत नाही. ‘व्हेरिफाय’ आज्ञेने एमडी५ अंक जुळला, तर फाइल वाटेत बिघडली नाही एवढेच कळते. पडताळणीचा अंक विश्वासू ठिकाणाहून घेतला होता काय, हे त्या आज्ञेच्या कक्षेबाहेरचे आहे. ‘स्मार्ट इन्स्टॉल’ या सोयीत तर दूरवरून स्टार्टअप-कॉन्फिग बदलणे व प्रतिमा चढवणे, दोन्ही ओळख न पटवता शक्य होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीने हा दोष नसून गैरवापर आहे, संकेताची रचनाच ओळख न मागणारी आहे, अशी भूमिका घेतली. हा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल, पण समाधानकारक नाही. एप्रिल २०१८ मध्ये याच सोयीच्या वाटेने अनेक देशांतील स्विचची मांडणी पुसली गेली. इराणच्या दूरसंचार मंत्रालयाने त्या देशातील सुमारे ३,५०० स्विच बाधित झाल्याचे सांगितले. ‘नो व्हीस्टॅक’ ही एक ओळ ती सोय बंद करते. ती प्रात्यक्षिक-वहीत क्वचितच आढळते.

आज्ञा तोंडपाठ म्हणून दाखवण्यास गुण देण्याऐवजी, जतन फाइल परत आणल्यानंतर कोणत्या ओळी उरल्या व का, हे विद्यार्थ्याने स्विचसमोर बसून सांगावे, असा प्रश्न प्रात्यक्षिक परीक्षेत विचारता येईल. त्यास नवे साहित्य लागत नाही. प्रयोगशाळेतील जुना स्विचही पुरतो.